सांडलेल्या टिकल्या आणि माझ्या नावचा मूस

९ जुलै

डेल्बर्ट,

फोन तू उचलत नाहीस, आणि नॉरिसच्या त्या खोऱ्यात तो धड लागतही नाही, म्हणून हे पत्र. टपाल घाट ओलांडून आयडाहोत पोचेपर्यंत तुझा राग निवला तर बरंच आहे. माझा निवणार नाहीये, ते आधीच सांगून टाकते.

शेजारची लावोन म्हणाली, तू तुझ्या भावाला सांगितलंस की आर्डिसच्या डोक्यात हवा शिरलीय. मग हे पत्र नॉरिसला मोठ्यांदा वाचून दाखव. हवा कुणाच्या डोक्यात शिरलीय ते त्याचं त्याला ठरवू दे.

मूसच्या, त्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीच्या परवान्याची सोडत निघते, तिचे अर्ज आपण लग्न झाल्यापासून भरतोय. एक तुझ्या नावाचा, एक माझ्या. माझा अर्जही तूच भरायचास, आणि मी कामात असले तर सहीसुद्धा तूच ठोकून द्यायचास. ह्या खोऱ्यातले सगळे नवरे बायकोच्या नावानं अर्ज टाकतात. इतकी वर्षं दोघांनाही काही लागलं नाही. ह्या जूनमध्ये लागलं, ते मला. आणि तू काय केलंस? पाकीट फोडलंस, माझं नाव वाचलंस आणि ओरडलास, "आर्डिस, मला मूस लागला!"

तुला, म्हणे! मी बटाटे सोलत होते. म्हटलं, "बघू बरं. ह्यावर तर माझं नाव दिसतंय."

"नाव तुझं, चाप माझा," तू म्हणालास. "तू गाडीत बसून राहा थर्मास घेऊन."

"मी जाणार. बाबांची रायफल घेऊन."

तू हसलास. मग मी हसत नाहीये हे तुझ्या लक्षात आलं आणि तू बटाट्यांची पाटी ओट्यावरून ढकललीस. आयत्या बिळावर नागोबा व्हायला मिळालं नाही म्हणून एवढा संताप! नॉरिस, तुलाही विचारते, नियमपुस्तिकेत काय लिहिलंय? ज्याच्या नावाचा परवाना त्यानंच जनावर मारायचं. मी काही नवीन मागत नव्हते.

आणि घर सोडून नॉरिसकडे जाताना तू काय नेलंस? दाताचा ब्रश विसरलास, लोकरी मोजे विसरलास, ब्लडप्रेशरच्या गोळ्या विसरलास. पण काडतुसांच्या टिकल्यांची खोकी शेल्फावरून एकूण एक उचललीस. बंदुकीच्या दारूचा डबा ठेवलास, शिशाच्या गोळ्या ठेवल्यास, पुंगळ्या ठेवल्यास. फक्त टिकल्या नेल्यास. वा रे वा!

तुला वाटलं, मला कळणार नाही. इतकी वर्षं तुझ्या त्या काडतुसं भरायच्या प्रेसच्या शेजारी कपडे धुतलेत मी, डेल्बर्ट. पुंगळीच्या बुडात ती पितळी टिकली बसते, तिच्यावर ठोका पडला की ठिणगी उडते, ठिणगीनं दारू पेटते आणि गोळी सुटते. टिकलीच नसेल तर बाकीचं सगळं शोभेला मांडून ठेवायचं. बाबांच्या रायफलची तयार काडतुसं दुकानात मिळेनाशी होऊन जमाना झाला, ती घरीच भरावी लागतात. आणि टिकल्यांचा सध्या देशभर दुष्काळ. दुकानदार मिलो म्हणतो, माल येतो त्याच सकाळी संपतो. म्हणजे टिकल्या नेल्या की बायको मुकाट घरी बसेल, असं तुझं गणित.

परवाना ह्या एका हंगामाचा आहे. शरद संपला की संपला. पुन्हा कधी लागेल तेव्हा मला रायफल पेलवणार नाही, कदाचित मी असणारही नाही. म्हणून मी जाणार, आणि तो मूस मीच मारणार, मी भरलेल्या काडतुसानं.

एक गोष्ट तू विसरलास. तुझ्या हातून टिकल्या सांडतात. लग्न झाल्यापासून सांडतायत.

तुझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या पशुखाद्याच्या ट्रकवाल्याकडे देते. कागदाच्या पुडीत बांधल्यात, बाटली मी ठेवून घेतलीय. रोज घेत जा.

आर्डिस

२५ जुलै

डेल्बर्ट,

तुझं उत्तर आलं. दोन ओळी. "गोळ्या मिळाल्या. हट्ट सोड." पहिली ओळ वाचून बरं वाटलं.

मी आणि लावोननं मिळून वॉशिंग मशीन हलवलं. देवा रे, काय ती घाण! तुझ्या त्या प्रेसचा दांडा ओढला की पुंगळीतली जुनी टिकली सुटून खालच्या वाटीत पडायला हवी. पडते कुठे? वाटी सोडून सगळीकडे. मशीनखाली, फळ्यांच्या फटीत, सांडपाण्याच्या पाईपमागे, माझ्या हिवाळी बुटांत. इतकी वर्षं ह्या माझ्या पायात रुतल्या, कपड्यांबरोबर ड्रायरमध्ये खडखडल्या, एकदा तर पावाच्या पिठात सापडली. तुला सांगितलं की तू म्हणायचास, "झाडून घे ना." झाडून घे! तू ओतायचं आणि मी झाडायचं.

पण ह्या खेपेला मी झाडलं नाही, वेचलं. कारण जुन्या टिकल्यांत कोऱ्याही असतात. नवी टिकली बसवताना तुझ्या त्या बोटभर दांडीवरून निसटून टुणकन उडायची, तू शिव्या घालायचास आणि खोक्यातली दुसरी घ्यायचास. वाकायचा कंटाळा. तो तुझा कंटाळा आता माझ्या कामाला आला.

पहिली चूक मीच केली, तीही सांगते, हसून घे. मी मिलोच्या दुकानातून मोठं लोहचुंबक आणलं. दोरीला बांधलं आणि सगळ्या फटींवरून फिरवलं. खिळे आले, केसांच्या पिना आल्या, तुझी हरवलेली किल्ली आली. टिकली एकही नाही. मी पुन्हा फिरवते, पुन्हा फिरवते. लावोन दारात उभी राहून बघत होती.

"अगं आर्डिस, पितळ चिकटतं का कधी चुंबकाला?"

"मग आधी सांगायला तुझं तोंड शिवलं होतं?"

"मला वाटलं तू किल्ली शोधतेयस."

व्हॅक्यूम क्लीनर काही मी लावला नाही. तू एकदा लावला होतास, आठवतंय ना? कोरी टिकली आतल्या पंख्यावर आपटली आणि पिशवीत फट्ट! सगळी धूळ परत घरात. मांजर त्यानंतर आठवडाभर कपाटावरून उतरलं नव्हतं.

तेव्हा गुडघ्यांवर बसून विणायच्या सुईनं एकेक टिकली फटीतून उकरली. ज्यांच्यावर ठोक्याचा खळगा होता त्या जुन्या, त्या एका डब्यात. ज्या गुळगुळीत त्या कोऱ्या, त्या दुसऱ्यात. मशीनच्या पाण्यात भिजलेल्या मेल्या असणार म्हणून त्या वेगळ्या. मग कोऱ्यांतल्या काही रिकाम्या पुंगळ्यांत बसवल्या, दारू नाही, गोळी नाही, नुसती टिकली, आणि डोळ्यांवर चष्मा लावून अंगणात चाप ओढला. बहुतेक फटकन वाजल्या. लावोनच्या कोंबड्या सैरावैरा पळाल्या, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या अंगणात पोट धरून हसलो.

हसून झाल्यावर लावोन एकदम म्हणाली, "माझ्या नावाच्या परवान्यांवर आजवर तीन एल्क पडलेत, नवऱ्याच्या हातानं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते फ्रीजरमध्ये, पुड्या बांधलेले." तिचा नवरा वारून आता किती वर्षं झाली, तरी तिनं हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. मग म्हणाली, "तू जा गं. मी गाडी चालवीन."

तू सोडून सगळे माझ्या बाजूनं आहेत, डेल्बर्ट.

आर्डिस

१६ ऑगस्ट

डेल्बर्ट,

"एक तरी भरलंस का?" असं विचारलंयस. नाचता येईना अंगण वाकडं असं मी म्हणेन, ह्याची वाट बघत असशील. तर भरलं. चांगली डबाभर भरली. पुस्तकात दारूचं सगळ्यात कमी माप दिलंय तिथून सुरुवात केली, तराजूवर तोलून. वाळूच्या खाणीत जाऊन झाडलीही. पहिल्या दिवशी गोळ्या खाणीला लागल्या, कागदाला नाही. त्याचं पुढच्या पत्रात सांगते.

आधी तुझ्या प्रेसचं. वेचलेल्या टिकल्या मोजक्या, त्यात पुन्हा जमिनीवर सांडायला मला परवडत नाही. आणि जुन्या टिकल्यांची काजळी माझ्या धुतल्या कपड्यांवर मी आता खपवून घेणार नाही. म्हणून ठरवलं, ह्या खोलीत जमिनीवर ह्यापुढे एकही टिकली पडणार नाही. तू इतकी वर्षं जे केलं नाहीस ते मी एका महिन्यात करणार.

पहिल्यांदा पावाची प्लास्टिक पिशवी रबर लावून प्रेसला बांधली. दांडा खाली आला, पिशवी बरोबर ओढत खाली आली आणि टराटरा फाटली. मग भांडी घासायच्या रबरी मोज्याचा अंगठा कापून लावला. तो छान बसला, पण भरला की ताणून बसायचा, आणि एकदा असा सुटला की सगळ्या जुन्या टिकल्या माझ्या तोंडावर! मग तुझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची बाटली. बूड कापलं, तारेनं टांगली. तिचं तोंड रुंद पडलं. टिकली आत पडायची, उसळायची आणि बाहेर यायची. एक माझ्या कॉफीत पडली. गोळ्यांनी तुझं ब्लडप्रेशर उतरत असेल, बाटलीनं माझं चढवलं.

लावोन म्हणाली, "सोड ना. खाली चादर अंथर."

"चादर अंथरली की मग ती झटकायची कुणी?"

"तू."

"म्हणूनच नाही अंथरायची."

मग गोठ्यात गेले. सासूबाईंच्या वेळचं दूध काढायचं यंत्र धूळ खात पडलंय ना, त्याची जाड रबरी नळी काढली. एका बाजूनं उभी चिरली, प्रेसच्या दांड्याला जिथून टिकली सुटते त्या खाचेवर चढवली, आणि दुसरं टोक लोणच्याच्या रिकाम्या बरणीत सोडलं. दांडा ओढला. टिकली नळीतून घरंगळली आणि बरणीत टण्ण! मी पुन्हा ओढला. टण्ण! सगळ्या रिकाम्या पुंगळ्या संपेपर्यंत थांबलेच नाही. तुझी आठवण आली त्या वेळी. तू असतास तर म्हणाला असतास, "हॅ, त्यात काय." पण मग तीनतीनदा ओढून बघितलं असतंस.

कोऱ्या टिकल्यांसाठी एप्रन. एप्रनची खालची कड टेबलाच्या कडेला चिमट्यांनी लावली, वरचे बंद माझ्या गळ्यात. मध्ये झोळी झाली. बसवताना टिकली निसटली की झोळीत. एकदम फक्कड. एकच खोट, की माणूस टेबलाला बांधला जातो. काल मी अशी बसलेली असताना फोन वाजला, आणि मी वेड्यासारखी उठले. चिमटे तुटले, झोळी उलटली, सगळ्या कोऱ्या टिकल्या पुन्हा जमिनीवर. मी गुडघ्यांवर बसून वेचतेय आणि फोन वाजतोय, वाजतोय, आणि बंद झाला.

तू होतास का?

तू असशील तर पुन्हा कर. मी उठणार नाही, पण वाजू दे. मग झोळी सोडून मीच तुला फोन करीन.

आर्डिस

८ सप्टेंबर

डेल्बर्ट,

नॉरिसनं कळवलं की फोन तूच केला होतास, त्यासाठी गाडी काढून डोंगरावर चढलास. आणि पुन्हा केला नाहीस. गाढवा! पण चढलास हे चांगलं केलंस.

ट्रकवाल्यानं तुझी पेटी आणून दिली. बाबांच्या रायफलची काडतुसं, नॉरिसच्या जुन्या साच्यांवर भरलेली. वर तुझ्या अक्षरात, "ही वापर. जमिनीवरच्या टिकल्यांवर भरवसा ठेवू नकोस." मी पेटी टेबलावर ठेवली आणि एकेक काडतूस उजेडात धरून बघितलं. पुंगळ्या घासून लखलखीत केल्यायस. तुझे हात दुखतात सकाळी, मला माहितेय. तरी केल्यास.

पण डेल्बर्ट, तूच आपल्या घरात नियम घातलास, आणि खोऱ्यातला प्रत्येक जण तो पाळतो. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस झाडायचं नाही. सख्ख्या भावाचं का असेना. कारण दारू किती घातली ते भरणाऱ्यालाच ठाऊक, आणि चूक झाली तर डोळा झाडणाऱ्याचा जातो. नॉरिसनं तुला एकदा प्रेमानं काडतुसं दिली होती, तू त्याच्यादेखत ती परत केलीस आणि दोन वर्षं तो तुझ्याशी बोलला नव्हता. आता मीच का मोडू नियम?

शिवाय मला ठाऊक आहे, तू दारू भरताना हात सैल सोडतोस. तुझ्या एल्कच्या काडतुसानं माझा खांदा एकदा काळानिळा झाला होता.

तेव्हा मी तुझी सगळी काडतुसं उकलली. गोळी उपटायचा तो हातोडा घेऊन एकेक. तुझी दारू मी गुलाबांना घातली. सगळे जण उरलेली दारू बागेत टाकतात, तूच टाकतोस, तेव्हा नाक मुरडू नकोस. गुलाब खूश आहेत. मग त्याच पुंगळ्यांत माझं माप तोलून भरलं, माझ्या हातानं गोळ्या बसवल्या. टिकल्या मात्र तुझ्याच ठेवल्या, पुंगळीत बसल्या होत्या तशाच. त्या खोक्यातल्या ताज्या आहेत. वेचलेल्यांतली एखादी ऐन वेळी मुकी निघायची. तुझं म्हणणं तेवढं बरोबर होतं, मी मान्य करते. वेचलेल्यांवर मी सराव केला, तुझ्यांवर शिकार करीन.

सराव झाला. आता कागदाला लागतात. पेल्याच्या तोंडाएवढ्या जागेत, बसून, ओंडक्यावर टेकून. कागद लावला होता त्यापलीकडच्या अंतरावर मी झाडणार नाही, एवढी अक्कल आहे.

आणि हे काय ऐकतेय मी? नॉरिस लिहितो, तू त्याच्या प्रेसला दुधाच्या यंत्राची नळी लावलीस आणि खाली बरणी. तिथले लोक बघायला येतात, आणि तू म्हणतोस, "मला सुचलं एकदा." तुला सुचलं? अरे, परवाना राहिला, आता नळीपण तुझ्या नावावर? नॉरिस, त्याला माझ्या वतीनं एक टपली मार.

नॉरिसच्या त्याच पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस: "मी येतो. परवाना तुझ्या खिशात राहू दे, तू शेजारी उभी राहा, चाप मी ओढतो. रानात कोण बघतंय?" मी बघतेय. मी असेन ना तिथे. असं यायचं असेल तर येऊ नकोस.

आर्डिस

३ ऑक्टोबर

डेल्बर्ट,

आज रागवायला अंगात जोर नाही, म्हणून सरळच लिहिते.

हंगाम सुरू झाल्यापासून लावोन मला पहाटे ओढ्याच्या जुन्या पुलापाशी सोडते आणि गाडीत वाट बघत विणत बसते. तिचा एक स्वेटर झाला, दुसऱ्याच्या बाह्या चालू आहेत. मी वाळुंजाच्या झुडपांत बसते. पाय भिजतात. थर्मास मीच वाहते.

मंगळवारी तो आला. मोठा नर. तुला सांगून खरं वाटायचं नाही, आपल्या गोठ्याच्या दारातून मावला नसता. ओढ्यापलीकडे उभा राहून त्यानं पाणी प्यायलं, शिंगांवरून पाणी गळत होतं. मी रायफल ओंडक्यावर टेकवली. रायफलच्या दुर्बिणीत कधी मूस, कधी आभाळ. आणि अंतर माझ्या अंतरापेक्षा जास्त होतं. बरंच जास्त. तू असतास तर तिथून पाडला असतास, ते मला माहितेय आणि तुलाही माहितेय. मी चाप ओढला नाही. तो पाणी पिऊन झुडपांत गेला.

गाडीत बसल्यावर लावोननं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बोलाव गं त्याला. ओढू दे चाप. मांस तर घरी येईल."

"तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, लावोन."

"माझीही नव्हती. पण तुझे ओठ निळे पडलेत."

घरी येऊन मी रडले. बुटांसकट खुर्चीत बसून रडले. थंडीनं, आणि तो गेला म्हणून, आणि तू नाहीस म्हणून. हो, तू नाहीस म्हणूनही. तुझा राग येतो आणि तुझी आठवणही येते, आणि दोन्ही एकाच वेळी येतात त्याला मी काय करू? त्या दुपारी तू फोन केला असतास तर मी "ये" म्हटलं असतं, चाप तू ओढ म्हटलं असतं. बरं झालं तू केला नाहीस.

रात्री जेवले, झोपले, सकाळी उठले तेव्हा डोकं ताळ्यावर होतं. तो नर पाणी प्यायला तिथेच येणार. तो माझ्याकडे येत नसेल तर मी पुढे सरकेन. पलीकडच्या काठावर जायचं म्हणजे कमरेएवढं पाणी. तुझे कमरेपर्यंतचे रबरी बूट मला दोन मापं मोठे आहेत. त्यांत तुझे लोकरी मोजे कोंबले, तुझे सगळे जोड. आता बसतात.

नॉरिस लिहितो, तू जेवत नाहीस नीट. जेव.

आर्डिस

११ ऑक्टोबर

डेल्बर्ट,

हे पत्र टपालानं नाही, लावोनच्या हातानं येतंय. ती गाडी घेऊन निघालीय, घाट ओलांडून थेट नॉरिसच्या दारात उतरेल. कागद नियमपुस्तिकेच्या मागचा आहे, दुसरा नव्हता. अक्षर वाकडं आलंय, बोटं गारठलीत.

मूस पडला.

सकाळी उजाडल्यावर मी पलीकडच्या काठावर होते. बूट भरले, पण मी पोचले. तो आला, आणि ह्या वेळी इतका जवळ आला की त्याचं फुसफुसणं ऐकू येत होतं. दुर्बिणीत आभाळ आलं नाही, नुसता मूस. का ते मला सांगता येणार नाही. एकच गोळी. तो चार पावलं चालला आणि बसला, मग आडवा झाला. मी जवळ जाऊन बराच वेळ त्याच्या मानेवर हात ठेवून बसले. गरम होता. मी त्याला "थँक यू" म्हटलं, आणि मोठ्यांदा म्हटलं, बाबा म्हणायचे तसं.

मग परवाना काढला आणि त्यावरचा आजचा महिना आणि तारीख चाकूनं कापून काढली, शिकार झाली की कापतात तशी. इतक्या वर्षांत तुझ्या एल्कचे परवाने तू कापताना पाहिलेत, पण स्वतः कापताना वेगळंच वाटतं. माझं नाव, माझी तारीख. पूर्ण झालं, डेल्बर्ट. कुणी माझ्याकडून घेऊ शकणार नाही.

लावोन आली, तिनं शिंगांना हात लावून बघितला आणि मला मिठी मारून माझ्याच खांद्यावर नाक पुसलं. पोट आम्ही दोघींनी साफ केलं, दुपारपर्यंत लागलो होतो त्यालाच. कातडं अर्धं सोललंय, मांसाखाली फांद्या घातल्यात म्हणजे वारा लागेल. थंडी आहे, उद्यापर्यंत टिकेल. पण आमच्याच्यानं तो उचलला जायचा नाही. एक मांडीसुद्धा हलत नाही. ओढ्यापलीकडून रस्त्यापर्यंत आणायला जनावरं हवीत, आणि मी इथे शेकोटी करून बसलेय, कारण अस्वलांनाही वास येतो.

तेव्हा नॉरिसची खेचरं आण. करवत आण, कापडी पिशव्या आण, दोर आण. तुझी बंदूक तिकडेच राहू दे. इथे तिचं काही काम उरलेलं नाही.

खेचरं नॉरिसही घेऊन येऊ शकतो, मला ठाऊक आहे. त्याला घाटही पाठ आहे. पण तू ये.

आर्डिस